बीएस्सीच्या मुलांना पदवी चालू असतानाच पगारी अप्रेंटिसशिप द्यायचीय, छोट्या कंपन्यांशी जमवायचं कसं?

केमिस्ट्रीमॅडम_शिरोळ

नमस्कार मंडळी. मी शिरोळ तालुक्यातल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, गेल्या वर्षापासून प्लेसमेंटचं कामही माझ्याकडे आलंय. इथे कंपनीवाले, एचआरवाले, अप्रेंटिस करून गेलेले बरेच जण आहेत म्हणून सविस्तर विचारते.

आमची मुलं बहुतेक शेतकऱ्यांची, नाहीतर साखर कारखान्यात नि यंत्रमागावर काम करणाऱ्यांची. बीएस्सी झाली की थोडी एमएस्सीला जातात, थोडी बीएडला, बाकीची अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसतात नाहीतर मिळेल त्या दुकानात लागतात. मुलींच्या घरी तर तिसऱ्या वर्षाचा निकाल लागायच्या आत स्थळं बघायला सुरुवात होते. हातात स्वतःचे चार पैसे आणि कामाचा अनुभव असला की घरात तिच्या शब्दाला वजन येतं, हे मी माझ्याच विद्यार्थिनींच्या बाबतीत बघितलंय, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी फक्त नॅकच्या (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या) फाइलीत लावायचा कागद नाहीये.

नवीन शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंग आलं, 4 क्रेडिट म्हणजे 120 तास. मुलं ओळखीच्या लॅबमध्ये जातात, काही खरंच शिकतात, काही नुसतं सर्टिफिकेट आणतात. पैसे मात्र कुणालाच मिळत नाहीत. आणि जो पोरगा संध्याकाळी पेट्रोल पंपावर काम करून घर चालवायला मदत करतो त्याने ते काम सोडून फुकट ट्रेनिंगला जावं असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

आता यूजीसीचा अप्रेंटिसशिप एम्बेडेड डिग्री प्रोग्राम आहे, सगळे एईडीपी म्हणतात, 2025 मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वंही आली. तीन वर्षांच्या पदवीत किमान एक आणि जास्तीत जास्त तीन सेमिस्टर मूल कंपनीत काम शिकणार, स्टायपेंड घेणार आणि त्याचे क्रेडिट पदवीत धरले जाणार. आमचे प्राचार्य तयार आहेत. अडलंय ते कंपन्यांपाशी. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांना डिप्लोमा इंजिनिअर नाहीतर आयटीआयचीच मुलं हवीत. शिरोली, गोकुळ शिरगाव, जयसिंगपूरला 20-40 माणसांची युनिट आहेत, तिथले मालक चहा पाजतात, गोड बोलतात आणि शेवटी म्हणतात मॅडम मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून द्या की, त्यात सरकार पैसे देतं. बरोबर आहे, त्यात पदवीधराला महिना 10,000 रुपये सरकारकडून थेट खात्यात येतात, मालकाला काही पडत नाही. पण शिक्षण चालू असलेल्या मुलाला ती योजना लागू नाही, आणि मला तर मूल कॉलेजात असतानाच त्याला हे मिळायला हवंय.

तर प्रश्न असे की छोट्या कंपनीला यात नक्की काय मिळायला पाहिजे म्हणजे ती स्वतःच्या खिशातून स्टायपेंड द्यायला तयार होईल? करारात काय लिहून घ्यावं? आणि मुलांना स्वस्तातला मजूर म्हणून वापरलं जाऊ नये यासाठी कॉलेज म्हणून आम्ही काय करायचं?

शिरोली_फाउंड्री

मॅडम नमस्कार. माझी शिरोलीत छोटी फाउंड्री म्हणजे लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना आहे, ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न हे ओतीव लोखंडाचे दोन्ही प्रकार करतो, माणसं 40 च्या आसपास. तुमच्यासारखे दोन-तीन कॉलेजवाले माझ्याकडेही येऊन गेलेत त्यामुळे मालकाच्या बाजूनं सरळ सांगतो, राग मानू नका.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही लोक येता तेव्हा 'आमची मुलं घ्या' एवढंच सांगता. माझ्याकडे कुठलं काम अडलंय हे कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मला मोल्डिंगला माणूस नकोय, मला लॅबला माणूस पाहिजे, आणि तो बीएस्सी केमिस्ट्रीचाच पाहिजे. डिप्लोमा मेकॅनिकलचं पोरगं लॅबमध्ये टिकत नाही, त्याला सीएनसीवर जायचं असतं.

फाउंड्रीत लॅबमध्ये काय चालतं ते सांगतो म्हणजे तुमच्या वर्गात सांगता येईल. भट्टीतलं मेटल तयार झालं की चमच्यानं सॅम्पल काढून तांब्याच्या साच्यात ओततात, ते एकदम गार होऊन पांढरं आयर्न व्हायला लागतं, नाहीतर स्पेक्ट्रोवर (धातूत काय किती आहे ते दाखवणारं मशीन) कार्बनचं रीडिंग बरोबर येत नाही. मग ते घासायचं, स्पार्क मारायचा, कार्बन सिलिकॉन मँगनीज सल्फर फॉस्फरस बघायचं आणि भट्टीवाल्याला सांगायचं काय किती टाक. हे सगळं मिनिटांत, कारण तोवर भट्टी वीज खात असते. एसजीला तर मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाल्यावर मेटल थांबवून चालतच नाही, मॅग्नेशियम उडत जातं आणि कास्टिंग वाया जातं. दुसरीकडे सँड लॅब. वाळूचं मॉइश्चर, परमिएबिलिटी म्हणजे तिच्यातून हवा किती जाते ते, स्ट्रेंथ. आणि मिथिलिन ब्लू टेस्ट, ही तर सरळ सरळ टायट्रेशन आहे, वाळूत जिवंत बेंटोनाइट म्हणजे वाळू बांधून ठेवणारी माती किती उरलीय ते बघायची. थेंब थेंब टाकत जायचं, फिल्टर पेपरवर ठिपका घ्यायचा, ठिपक्याभोवती निळसर कडं उमटून टिकलं की थांबायचं. तुमच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरीला हे दोन दिवसांत जमेल. पण आज माझ्याकडे हे काम करणारा माणूस रजेवर गेला की टेस्टच होत नाही, आणि दोन दिवसांनी ब्लो होलची म्हणजे कास्टिंगमध्ये हवेची भोकं पडल्याची तक्रार येते.

तर मॅडम, एका लॅबवाल्या मुलासाठी मी महिना 9,000 द्यायला तयार आहे, पण माझ्या अटी ऐका.

एक सेमिस्टर पाठवू नका. पहिले दोन महिने पोरगं नुसतं विचारत असतं, तिसऱ्या महिन्यात कुठं उपयोगी पडायला लागतं आणि चौथ्या-पाचव्यात परीक्षा म्हणून निघून जातं. वर्ष पाठवा. परीक्षेला सुट्टी देतो, स्टायपेंड न कापता देतो, पण वर्ष द्या.

मुलाखत मला घेऊ द्या. मार्कं बघत नाही मी, पोरगं प्रश्न विचारतं का आणि आकडा चुकला तर खाडाखोड न करता चुकला म्हणून सांगतं का एवढंच बघतो.

तुमच्यातले एक सर किंवा मॅडम महिन्यातून एकदा लॅबला यायला पाहिजेत, मोबाइलवर फोटो काढायला नव्हे, बसायला. माझा लॅबवाला 20 वर्षं काम करतोय, हात चोख आहे, पण का ते त्याला समजावून सांगता येत नाही. तुम्ही आलात तर पोरालाही कळेल आणि माझ्या माणसालाही.

आणि शेवटची भीती सगळ्या छोट्या मालकांची सांगतो. पोरगं शिकवायचं आम्ही आणि न्यायचं मोठ्या कंपनीनं. याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही, जाणारा जाणारच. पण वर्षभर माझी लॅब नीट चालली तर 9,000 वसूल झाले असं मी धरतो. बाकीच्यांनाही तसाच हिशोब मांडून दाखवा.

वाळूज_एचआर

मॅडम, मी छत्रपती संभाजीनगरला वाळूजमध्ये ऑटो कंपोनंट कंपनीत एचआर बघतो, अप्रेंटिसचं पोर्टल, रिटर्न सगळं माझ्याकडे असतं. कायद्याचं थोडं स्पष्ट करतो कारण छोट्या मालकांना बऱ्याचदा हेच माहीत नसतं.

अप्रेंटिसेस अॅक्ट 1961 चा आहे, त्यात 2014 ला दुरुस्ती झाली आणि बिगर-इंजिनिअरिंग पदवीवाले पण आत आले. 2019 च्या नियमांनुसार 30 किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं बंधनकारक, 4 ते 29 असतील तर ऐच्छिक. किती घ्यायचे तर एकूण माणसांच्या 2.5 ते 15 टक्के, आणि यात कंत्राटी कामगारही मोजायचे. म्हणजे वरच्या फाउंड्रीवाल्या साहेबांना 40 वर किमान 1 आणि जास्तीत जास्त 6. त्यांना हे बंधनकारक आहे, मेहेरबानी नाही. त्यामुळे मॅडम तुम्ही 30 च्या वरच्या मालकाकडे जाल तेव्हा हात जोडून जायची गरज नाही, तुम्ही त्याचं कायद्याचं काम सोपं करून देताय.

पैशाचं. किमान स्टायपेंड 2019 च्या नियमांत पाचवी ते नववीला 5,000 पासून पदवीला 9,000 पर्यंत ठरलं. मे 2025 मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप कौन्सिलनं 36 टक्के वाढीची शिफारस केली, म्हणजे 6,800 ते 12,300. म्हणून करारात आकडा एकटा लिहू नका, 'त्या वेळी लागू असलेला किमान दर किंवा 9,000, जे जास्त असेल ते' असं लिहा.

यातला सरकारचा वाटा दोन वाटांनी येतो आणि लोक इथे गोंधळतात. एक नॅप्स म्हणजे राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजना, कौशल्य मंत्रालयाची, 2016 पासून, त्यात स्टायपेंडच्या 25 टक्के, जास्तीत जास्त 1,500 महिना. दुसरी नॅट्स म्हणजे राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजना, शिक्षण मंत्रालयाची, आपल्याकडे मुंबईचं बोट म्हणजे बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग बघतं, त्यात किमान स्टायपेंडच्या निम्मे, म्हणजे पदवीला 4,500. तुमच्या मुलांची वाट नॅट्सची. मालकाला हा आकडा पहिल्या पाच मिनिटांत सांगा, 9,000 ऐकून नाही म्हणणारा माणूस 4,500 ऐकला की खुर्ची पुढे ओढतो. मात्र एक लक्षात ठेवा, सरकारचा वाटा आता थेट मुलाच्या खात्यात जातो आणि तो कधी कधी उशिरा येतो. कंपनीचा वाटा पुढच्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत द्यायचा असा नियम आहे, तो पाळला जातोय का हे कॉलेजनं दर महिन्याला विचारायचं.

अप्रेंटिस कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे, त्यामुळे पीएफ ईएसआय लागत नाही, हे मालकाला आवडतं. पण ट्रेनिंग चालू असताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाचीच, हे पण त्याच दमात सांगा. आणि कॉलेजकडून ग्रुप अॅक्सिडेंट पॉलिसी काढा, फार पैसे लागत नाहीत, आईबापाला सांगताना मोठा आधार होतो. आमच्याकडे भट्टी नाही तरी आम्ही काढतो, फाउंड्रीत तर काढाच.

चाकणचा_डिप्लोमावाला

सगळ्यांचं वाचलं. आता पोराच्या बाजूचं लिहितो कारण ते कुणी लिहिलं नाही.

मी मेकॅनिकल डिप्लोमा करून चाकणला एका कंपनीत अप्रेंटिस होतो, नाव लिहीत नाही. कागदावर माझं ट्रेनिंग क्वालिटीचं होतं. प्रत्यक्षात पूर्ण वर्ष पॅकिंग लाइनवर उभा होतो, बॉक्स भर, लेबल लाव, स्ट्रॅप मार. लाइनवर माझ्या शेजारी जो कंत्राटी माणूस होता त्याचं नि माझं काम तेच, फक्त त्याला पीएफ होता मला नव्हता. टार्गेट दोघांनाही सारखं. सर्टिफिकेट मिळालं, त्यावर क्वालिटी लिहिलंय, आणि पुढच्या मुलाखतीत मला मायक्रोमीटर हातात दिला तर माझा हात थरथरत होता. राग मला कामाचा नाही आला, पॅकिंग पण काम आहे, राग याचा आला की वर्षभरात माझ्या कॉलेजातून एकदाही कुणी बघायला आलं नाही की हा पोरगा नक्की काय करतोय.

त्याच काळात 'नीम'ची पण हजारो पोरं चाकण रांजणगावला होती, एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची योजना, तिचं पण तेच झालं, शिकण्याच्या नावाखाली लाइन चालवायची, शेवटी ती योजनाच बंद केली. म्हणून मॅडम तुमचा तिसरा प्रश्न खरं तर पहिला पाहिजे.

मला विचाराल तर करारात हे पाहिजेच. कुठल्या महिन्यात कुठल्या विभागात आणि तिथे काय शिकणार, हे लिहून. शिकवणाऱ्या माणसाचं नाव, पद नाही, नाव. प्रॉडक्शनचं टार्गेट अप्रेंटिसला लावणार नाही असं एक वाक्य. आणि मुलाला बाहेर पडायची वाट, म्हणजे तीन महिन्यांनी जर लिहिल्याप्रमाणे शिकवत नसतील तर कॉलेज त्याला दुसऱ्या कंपनीत हलवेल आणि त्याचं सेमिस्टर वाया जाणार नाही. हे शेवटचं नसेल तर बाकीच्याला काही अर्थ नाही कारण पोरगं क्रेडिटच्या भीतीनं गप्प बसतं. मी पण गप्प बसलो होतो सर्टिफिकेटसाठी.

आणि 9,000 बद्दल. मी चाकणला कॉट बेसिसवर राहत होतो, मेस, रूम आणि येणंजाणं केलं की घरी पाठवायला काही उरत नव्हतं. तुमची मुलं घरून डबा घेऊन जाऊ शकतील तर 9,000 हा मोठा पैसा आहे. म्हणून लांबची मोठी कंपनी शोधण्यापेक्षा जवळची छोटी शोधताय हे मला पटलं.

शिरोली_फाउंड्री

@चाकणचा_डिप्लोमावाला दादा तुमचं खरं आहे, असं करणारे आमच्यातही आहेत. टार्गेटचं वाक्य माझ्या करारात घाला, मला काही अडचण नाही. हलवायची अट पण चालेल, फक्त आधी मला एक फोन करा, सुधारायची संधी द्या.

स्टुटगार्टमधून_एक

मी मूळचा सांगलीचा, सध्या जर्मनीत स्टुटगार्टला. इथे ज्याची मॅडमना गरज आहे तेच कॉलेज पातळीवर चालतं म्हणून लिहितोय. जर्मनीसारखं करा म्हणायला नाही, तिथलं सगळं इकडे उचलून ठेवता येत नाही, पण दोन-तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

इथे ड्युअल हॉखशूल नावाचं राज्याचं विद्यापीठ आहे, बाडेन वुर्टेनबर्गचं. 1974 मध्ये काही कंपन्यांनी राज्य सरकारबरोबर मिळून अकादमी म्हणून सुरू केलं, 2009 ला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तीन वर्षांची पदवी, साधारण तीन महिने वर्गात मग तीन महिने कंपनीत, असं आलटून पालटून. आणि पगार तिन्ही वर्षं चालू, वर्गात बसलेल्या महिन्यांचाही. अॅडमिशन कशी होते माहितीये? विद्यार्थ्यानं आधी कंपनीशी करार करायचा, तो करार घेऊन विद्यापीठात जायचं. म्हणजे कंपनी नंतर शोधायची भानगडच नाही. शिवाय कंपन्यांचे लोक विद्यापीठाच्या समित्यांवर असतात, अभ्यासक्रमात काय हवं नको ते बोलतात.

आयटीआय पातळीवरची जी जुनी पद्धत आहे त्यात अजून एक चांगलं आहे. ज्याला अप्रेंटिस शिकवायचेत त्या कंपनीतल्या माणसालाच आधी परीक्षा द्यावी लागते, शिकवता येतं याची. फाउंड्रीवाल्या काकांनी लिहिलंय ना की लॅबवाल्याला का ते समजावून सांगता येत नाही, अगदी तेच. आणि अप्रेंटिस एक वही ठेवतो, काय केलं काय शिकलो, ती शिकवणारा तपासून सही करतो, वही पूर्ण नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. चाकणच्या मित्राच्या वहीत वर्षभर 'पॅकिंग' एवढंच दिसलं असतं तर दुसऱ्याच महिन्यात कुणीतरी विचारलं असतं.

किमान मानधनही कायद्यानं ठरतं, 2025 ला सुरुवात करणाऱ्याला पहिल्या वर्षी महिना 682 युरो आणि पुढे दर वर्षी वाढत जातं. दर वर्षी वाढतं हे महत्त्वाचं. आपल्याकडे दोन-तीन सेमिस्टरची अप्रेंटिसशिप असेल तर पहिल्या सहा महिन्यांनंतर थोडी वाढ ठेवा, 500 ठेवा पण ठेवा. पोराला कळतं की मी आता जास्त येणारा झालोय.

निवृत्त_निदेशक

मॅडम, मी आयटीआयमध्ये निदेशक होतो, मोल्डर ट्रेड. तुमच्या मुलांना कंपनीत पाठवण्याआधी महिनाभर तयारी करून घ्या एवढंच सांगतो. सेफ्टी शूज, चष्मा, गरम मेटलजवळ ओला चमचा न्यायचा नाही, ओलावा आणि वितळलेलं लोखंड एकत्र आलं की स्फोट होतो, हे वर्गात शिकवून जात नाही, दाखवून शिकवावं लागतं. जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना पत्र द्या, दुपारच्या वेळेत शॉप मोकळं असतं. व्हर्नियर, वजन, टक्केवारीचं तोंडी गणित आणि रजिस्टरमध्ये वाचता येईल असं अक्षर, एवढं झालं तरी मालक पहिल्या दिवशी खूश होतो.

दुसरं, मुलांना नोकरीचं आश्वासन देऊ नका. अप्रेंटिसशिप संपली की नोकरी द्यायचं बंधन कायद्यानं मालकावर नाही. 20 मार्च 2018 ला दादर-माटुंग्याला रेल्वेच्या अप्रेंटिस मुलांनी सकाळी लोकल अडवल्या होत्या ते आठवत असेल. रेल्वेच्या वर्कशॉपात शिकून तयार झालेली मुलं, नोकरी मिळेल या आशेवर वर्षानुवर्षं थांबलेली. मी त्या वेळी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना टीव्हीवर शोधत होतो. अॅडमिशनच्या दिवशीच आईवडिलांना बोलावून सांगा, हे शिक्षण आहे, पैसे मिळतील, अनुभव मिळेल, नोकरी मिळू शकते पण ठरलेली नाही.

वाळूज_एचआर

निदेशक सरांच्या मुद्द्याला जोडून. नोकरीचं आश्वासन नको, पण मुलाखतीचं घ्या. म्हणजे कंपनीत जागा निघाली तर आपल्या अप्रेंटिसना आधी मुलाखतीला बोलवायचं. 2014 च्या दुरुस्तीत मालकानं अप्रेंटिसना नोकरीत घेण्याबद्दल स्वतःचं धोरण ठरवायचं असं आहे. बहुतेक ठिकाणी असं काही लिहिलेलंच नसतं, तुम्ही मागितलं की निदान लिहिलं जाईल.

केमिस्ट्रीमॅडम_शिरोळ

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्री प्रिंट काढून प्राचार्यांना दिलं, आज विभागाची मीटिंग झाली. काय ठरलं ते सांगते, चुकत असेल तर टोका.

कॉलेजचं नाव घेऊन कंपनीकंपनीत फिरायचं थांबवणार आहे. त्याऐवजी पहिल्यांदा स्मॅक आणि गोशिमा या शिरोली नि गोकुळ शिरगावच्या उद्योजक संघटनांच्या ऑफिसला जाऊन ज्यांच्याकडे लॅब आहे अशा फाउंड्री, साखर कारखाने, दूध प्रकल्प आणि रंग-केमिकलवाल्यांची यादी करायची आणि प्रत्येकाला एकच प्रश्न, लॅबमध्ये काय अडलंय. फाउंड्रीवाल्या दादांनी मिथिलिन ब्लूचं लिहिलंय ते वाचून आमचे एक सर म्हणाले की हे प्रॅक्टिकलला आपण उद्यापासून घेऊ शकतो, सिलॅबसमध्ये नसलं तरी. वाळू कुठून आणायची एवढाच प्रश्न, ती दादा तुम्ही द्याल अशी आशा.

अप्रेंटिसशिप तीन सेमिस्टरची नाही, शेवटच्या दोनची, म्हणजे पूर्ण तिसरं वर्ष. आठवड्यात पाच दिवस कंपनी, शनिवारी कॉलेज. एकेका छोट्या युनिटला एक-दोनच मुलं जाणार म्हणून पाच-सहा युनिटचा मिळून एक गट करायचा आणि त्या गटाला आमच्यातलं एक शिक्षक बांधून द्यायचं, त्याचा वर्कलोड तेवढा कमी करून. हे शेवटचं मीटिंगमध्ये सहज पास झालं नाही, बराच वाद झाला. मी अडून बसले, कारण चाकणच्या भावाचं वाचून मला झोप आली नव्हती. कुणी बघायला जाणार नसेल तर मी एकही मूल पाठवणार नाही असं सांगितलं.

वही ठेवणार. सहा महिन्यांनी 500 ची वाढ पण करारात घालते.

एक राहिलं. आमच्या वर्गात मुली जास्त आहेत. आईवडील पहिला प्रश्न विचारतील शिफ्टचा नि येण्याजाण्याचा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे खर्चाचं जमेल, पण लॅबला फर्स्ट शिफ्ट सकाळी 7 ची असते असं ऐकलंय. शिरोळहून ती वेळ कशी गाठायची? आणि फाउंड्रीत मुलींसाठी स्वच्छतागृह वगैरे असतं का, हे स्पष्ट विचारते कारण मुली स्वतःहून कधीच विचारणार नाहीत.

शिरोली_फाउंड्री

मॅडम वाळू पाठवतो, पोतंभर. नवी आणि वापरलेली दोन्ही पाठवतो, त्यात फरक दिसला पाहिजे पोरांना.

शिफ्टचं, अप्रेंटिसला जनरल लावू, 9 ते साडेपाच. सकाळचं पहिलं हीट म्हणजे भट्टीचा पहिला घाणा 7 लाच असतो ते त्यांना बघायला मिळणार नाही, पण दिवसभरात बरीच हीट असतात, शिकण्यात काही कमी पडणार नाही. हायवेवर फाट्यापासून आत यायला कंपनीची गाडी सकाळी माणसं आणते, तिच्यात येतील.

स्वच्छतागृहाचं विचारलंत ते बरं झालं. माझ्याकडे ऑफिसच्या बाजूला लेडीज आहे, दोन मुली अकाउंटला आहेत. पण आमच्या गल्लीत सगळ्यांकडे नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही गट करताना हे बघूनच करा, ज्याच्याकडे नाही त्याला बांधल्यावर मुली मिळतील असं सांगा. आणि एकटी मुलगी कुठंच पाठवू नका, दोघी पाठवा.

वाळूज_एचआर

मॅडम अजून एक काम आत्ताच करून ठेवा, जूनमध्ये धावपळ होते. मुलांची बँक खाती आधारला जोडलेली आहेत का ते बघा. नुसतं केवायसी झालेलं चालत नाही, डीबीटीसाठी म्हणजे सरकारचे पैसे थेट खात्यात यायला आधार सीडिंग लागतं, बँकेत वेगळा फॉर्म असतो. ज्यांची दोन खाती आहेत त्यांचे पैसे भलत्याच खात्यात जातात आणि पोरं म्हणत बसतात स्टायपेंड आला नाही. नॅट्सच्या पोर्टलवर कॉलेजची नोंदणी तुम्ही करा, मुलांची त्यांनी स्वतः करायची, कंपनीची दादांनी. दादा, तुमचं उद्यम सर्टिफिकेट (छोट्या उद्योगाच्या नोंदणीचं), पॅन आणि माणसांची यादी तयार ठेवा, नोंदणीला अडलात तर मला इथेच मेसेज करा, रात्री 9 नंतर मी मोकळा असतो.